कॅब्रामॅटा : शिवणयंत्रांचे उपनगर



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा, हा युनियनचा माणूस बोनस, महागाई भत्ता किंवा नव्या कामगार संहिता ह्यांपैकी कशावर तरी बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांना एकच शब्द कळवला, 'कॅब्रामॅटा'. त्यांचा उलट निरोप आला, 'हे एखाद्या औषधाचे नाव आहे काय?'

औषध नव्हे. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या नैर्ऋत्येस, शहराच्या मध्यापासून सुमारे तीस किलोमीटरांवर असलेले ते एक उपनगर आहे. माझी मुलगी त्याच शहरात पॅरामॅटाजवळ राहते. तिच्या आग्रहावरून मी तीन महिने तिकडे काढले. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गिरणीच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. साहजिकच परक्या गावी गेल्यावर देवळे आणि समुद्रकिनारे पाहण्यापेक्षा इथला कामकरी माणूस राहतो कोठे, हेच मी आधी विचारतो. जावई म्हणाले, पॅरामॅटाहून दक्षिणेकडे जाणारी लोकल पकडा आणि पाच-सहा स्टेशने सोडून उतरा. मी उतरलो, आणि त्यानंतर जवळजवळ रोजच जात राहिलो.

स्टेशनाबाहेर पडताच जॉन स्ट्रीट नावाचा मुख्य रस्ता लागतो. दुकानांवरच्या पाट्या व्हिएतनामी भाषेत. ही लिपी रोमनच, परंतु अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी इतक्या खुणा की, आपल्या वेलांट्या-मात्रांची आठवण व्हावी. त्यांच्या जोडीला चिनी व ख्मेर अक्षरेही दिसतात. पदपथावर ओव्याच्या पानांसारख्या हिरव्या पाल्याच्या जुड्या, फणस, पेरू, शेवग्याची पाने मांडून म्हाताऱ्या बायका बसलेल्या. पावाच्या दुकानांत फ्रेंचांनी शिकवलेला लांबट कडक पाव आणि त्यात व्हिएतनामी लोणचे व मिरची. साम्राज्ये जातात, पाव मागे राहतो. आपल्या मुंबई-गोव्यालाही हे ठाऊक आहे. पण माझे लक्ष वेधले ते कापडाच्या दुकानांनी. एका लहानशा उपनगरात कापड, दोरा, चेन, गुंड्या आणि अस्तरे विकणारी इतकी दुकाने कशासाठी? ह्या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला तिथला इतिहास वाचावा लागला, आणि तो वाचताना असे ध्यानात आले की, हा जितका व्हिएतनामी निर्वासितांचा इतिहास आहे तितकाच तो कामगार चळवळीच्या एका मोठ्या चुकीचाही इतिहास आहे. तोच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

ही भूमी मूळची दारुग लोकांची. त्यांच्यातील ज्या शाखेची येथे वस्ती होती तिला काब्रोगल म्हणत. नदीकाठच्या कुजक्या लाकडात मिळणारा एक खाण्याजोगा किडा म्हणजे 'काब्रा', आणि त्यावरून हे गावाचे नाव पडले असे सांगतात. गोऱ्यांच्या वसाहतीने त्या लोकांचे काय केले ती कथा स्वतंत्र व्याख्यानाची आहे आणि ती सांगण्याचा अधिकार माझा नाही. पुढे रेल्वे आली, मळे आले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेजारच्या व्हिलावुडच्या बाजूस दारूगोळ्याचे कारखाने आले. येथवरचा इतिहास सिडनीच्या कोणत्याही बाहेरच्या उपनगराचा असावा तसाच.

आता थोडे मागे जाऊ. ऑस्ट्रेलिया म्हटले की, जगातील कामगार चळवळीचा माणूस आदराने मान लववतो. आठ तासांच्या दिवसाची मागणी मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ सालीच पदरात पाडून घेतली. जगातले पहिले राष्ट्रीय मजूर सरकार १९०४ साली तेथेच अधिकारावर आले. अल्पमतातले आणि चारच महिन्यांचे, पण आले. तरुणपणी आम्हाला अभ्यासवर्गात हे सारे शिकवले गेले. जे शिकवले गेले नाही ते असे की, ह्याच चळवळीच्या जाहीरनाम्यात 'गोरा ऑस्ट्रेलिया' हे कलम अग्रभागी होते.

१८७८ साली एका जहाज कंपनीने कमी पगारावर चिनी खलाशी घेतले. गोऱ्या खलाशांनी संप केला. शहरेच्या शहरे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. कंपनी स्वस्त मजूर आणून दर पाडत होती, ही तक्रार खरी होती. परंतु 'चिनी खलाशालाही आमच्याइतकाच पगार द्या' अशी मागणी करण्याऐवजी 'चिनी खलाशी हाकला' अशी मागणी झाली. ही वाट एकदा पडली ती पडलीच. पुढे लाकडी सामानावर 'हे युरोपीय मजुरांनी बनविले आहे' असे शिक्के मारण्यात येऊ लागले. गंमत अशी की, त्याच काळात मेलबर्नच्या चिनी सुतारांनी स्वतःचा संघ काढून आपल्या चिनी मालकांविरुद्ध संप केले होते! संप कसा करावा हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. तथापि, गोऱ्या संघटनांचे दार त्यांना बंदच राहिले. देशातल्या सर्वांत मोठ्या मजूर संघटनेच्या नियमांतच आशियाई माणसाला सभासदत्व नाकारलेले होते.

१९०१ साली वसाहतींचे एक राष्ट्र झाले आणि त्याच वर्षी प्रवेशबंदीचा कायदा झाला. कायद्यात काळ्या-पिवळ्या कातडीचा उल्लेख नाही. इंग्रजी कायदा तितका सभ्य असतोच. येणाऱ्याने कोणत्याही युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा ऐकून लिहून दाखवावा, एवढीच अट. भाषा कोणती ते अधिकारी ठरवणार. नको असलेला माणूस इंग्रजी जाणत असला तर त्याला दुसरी एखादी भाषा घालावी. १९३४ साली एगॉन किश हा प्रागचा साम्यवादी लेखक फॅसिझमविरोधी सभेसाठी आला. त्याला अनेक भाषा येत होत्या म्हणून त्याला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गेलिक भाषा घालण्यात आली. शेवटी उच्च न्यायालयाला ती कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषाच नव्हे असे ठरवावे लागले, आणि स्कॉटिश मंडळी रागावली ती निराळीच!

ह्या कायद्याची झळ हिंदी लोकांनाही होतीच. नामदार गोखल्यांच्या मागून भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री १९२२ साली ऑस्ट्रेलियाचा दौरा करून आले, ते तिथे आधीपासून राहणाऱ्या हिंदी लोकांना नागरिकांचे हक्क मिळावेत म्हणून. पुण्यात स्थापन झालेल्या संस्थेच्या अध्यक्षाने मेलबर्न-सिडनीच्या सभागृहांत केलेल्या ह्या रदबदलीनंतर तिथल्या हिंदी लोकांना १९२५ साली मताचा अधिकार मिळाला. दार मात्र नव्यांसाठी उघडले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर माणसे कमी पडू लागली. मजूर पक्षाचे आर्थर कॉलवेल हे पहिले स्थलांतर-मंत्री. गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे ते कट्टर पुरस्कर्ते. परंतु इंग्रज पुरेसे मिळेनात म्हणून त्यांनी युरोपातील निर्वासित आणायला सुरुवात केली. पोलिश, युक्रेनियन, युगोस्लाव्ह, बाल्टिक किनाऱ्यावरचे, असे सुमारे एक लाख सत्तर हजार लोक काही वर्षांत आले. त्यांना दोन वर्षे सरकार सांगेल तेथे, सांगेल ते काम करण्याचा करार लिहून द्यावा लागे. डॉक्टर झालेला माणूस धरणाच्या कामावर फावडे मारत होता. मात्र एक गोष्ट चळवळीने पदरात पाडून घेतली होती. ह्या लोकांना ठरलेल्या वेतनापेक्षा कमी मजुरी द्यायची नाही, असे वचन सरकारकडून घेतलेले होते. म्हणजे योग्य मागणी कोणती हे चळवळीला ठाऊक नव्हते असे नाही. माणूस गोरा असला की ती आठवत असे.

ह्या लोकांची पहिली सोय पत्र्याच्या अर्धगोल बराकींत होई. व्हिलावुडला १९४९ साली अशी वसतिगृहे निघाली, कॅब्रामॅटालाही निघाली. बराकीतून बाहेर पडलेले कुटुंब पहिले घर जवळपासच बघे, कारण कामाचे कारखाने त्याच पट्ट्यात होते. अशा रीतीने ह्या भागात इटालियन, युगोस्लाव्ह, पोलिश, जर्मन अशा वस्त्या झाल्या. पुढे स्टेशनाजवळ तीन मजली, स्वस्त, विटांच्या चाळीवजा इमारती उभ्या राहिल्या. ह्या इमारती आणि ही वसतिगृहे लक्षात ठेवा. व्हिएतनामी माणसे कॅब्रामॅटालाच का गेली, ह्याचे नव्वद टक्के उत्तर त्यांत आहे. पुष्कळ लोकांना वाटते की, निर्वासित आपल्या जातीचा घोळका करून राहण्याच्या हट्टाने एका जागी जमतात. वस्तुतः ते भाडे परवडेल तेथे आणि काम मिळेल तेथे जमतात. जात, भाषा, देऊळ, लोणच्याचे दुकान हे सारे मागून येते.

एव्हाना गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे धोरण आतून पोखरले गेले होते. भाषेची परीक्षा १९५८ साली रद्द झाली, मजूर पक्षाने आपल्या कार्यक्रमातील कलम १९६५ साली काढून टाकले, आणि १९७३ साली पंतप्रधान गॉफ व्हिटलम ह्यांच्या मजूर सरकारने त्या धोरणाला मूठमाती दिली. कायद्याने गाडलेली गोष्ट मनातून लगेच जात नसते, हे आपल्या देशात वेगळे सांगायला नको.

याच सुमारास व्हिएतनामचे युद्ध चालू होते. अमेरिकेच्या बरोबरीने ऑस्ट्रेलियाने सुमारे साठ हजार सैनिक पाठवले. त्यांतले पाचशेंहून अधिक मेले. व्हिएतनामी किती मेले ह्याची मोजदाद लाखांत करावी लागते. ऑस्ट्रेलियन खलाशांच्या संघटनेने लष्करी सामान नेण्यास नकार दिला. बूनारू नावाचे जहाज शेवटी १९६७ साली नौदलात घेऊन नौसैनिकांकरवी हाकावे लागले. हे वाचताना माझी छाती फुगली, हे मी लपवत नाही. स्वतःच्या सरकारच्या युद्धाविरुद्ध, स्वतःच्या पगाराला चाट लावून उभे राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु आता पुढचे ऐका. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. जिंकलेल्या बाजूने हरलेल्या बाजूच्या लोकांना 'पुनःशिक्षणाच्या' छावण्यांत धाडले, खाजगी व्यापार बंद केला, आणि १९७८-७९ साली चीनशी वितुष्ट आल्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या चिनी वंशाच्या लोकांचे जिणे कठीण केले. माणसे मासेमारीच्या होड्यांतून समुद्रात निघाली. २६ एप्रिल १९७६ रोजी 'किएन झांग' नावाची लहानशी होडी डार्विन बंदराला लागली. आत पाच तरुण होते. त्यांनी इतका मोठा समुद्र ओलांडला होता तो शाळेच्या नकाशापुस्तकातील एका पानाच्या आधारावर.

पुढच्या पाच वर्षांत अशा होड्यांतून आलेले लोक एकूण सुमारे दोन हजारच होते. बाकीचे हजारो लोक मलेशियाच्या पुलाव बिडाँग बेटावर, थायलंडमध्ये, हाँगकाँगमध्ये छावण्यांत महिनेच्या महिने, कित्येकदा वर्षे काढून मग रीतसर विमानाने आले. किती लोक वाटेत बुडाले, किती समुद्रचाच्यांच्या हाती सापडले, ह्याचा हिशेब नाही. पण त्या दोन हजारांचा गवगवा मोठा झाला. १९७७ सालच्या निवडणुकीच्या धामधुमीत डार्विनच्या गोदी कामगारांत निषेधाची भाषा सुरू झाली. कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब हॉक, जे पुढे १९८३ साली पंतप्रधान झाले, त्यांनीही होड्यांतून येणाऱ्यांविरुद्ध कडक बोल काढले. व्हिटलम सरकारने १९७५ मध्येच निर्वासित घेताना हात आखडता घेतला होता. दार उघडले ते माल्कम फ्रेझर ह्यांच्या सरकारने, म्हणजे मालकवर्गाच्या म्हटल्या जाणाऱ्या पक्षाने. ज्यांनी युद्धाला पाठिंबा दिला त्यांनी.

माझ्यासारख्या माणसाला हे पचवायला जड जाते. व्हिएतनामी शेतकऱ्यावर बाँब टाकायला विरोध करणारी चळवळ, तोच व्हिएतनामी माणूस होडीतून उतरून काम मागू लागला तेव्हा बिचकली. त्याला कारणेही होती. बेकारी वाढत होती. आणि हे लोक साम्यवादी राजवटीतून पळून आलेले, तेव्हा हे आपले नव्हेत, असे डाव्या कार्यकर्त्यांना वाटे. पण खलाशांच्या १८७८ सालच्या संपाचा आवाज त्यात मला ऐकू येतो.

१९७६ च्या शिरगणतीत व्हिएतनाममध्ये जन्मलेले लोक साऱ्या ऑस्ट्रेलियात अडीच हजारांच्या आत होते. १९८१ मध्ये ते चाळीस हजारांच्या आसपास गेले. २०२१ मध्ये अडीच लाखांहून अधिक आहेत. त्यांतले पुष्कळ लोक प्रथम व्हिलावुड-कॅब्रामॅटाच्या वसतिगृहांत उतरले आणि तेथून स्टेशनाजवळच्या त्या तीन मजली इमारतींत गेले. आज कॅब्रामॅटाची वस्ती एकवीस हजारांच्या घरात. तिच्यातील सुमारे एक तृतीयांश लोकांचा जन्म व्हिएतनाममधला. कंबोडियाचे, लाओसचे, चीनचे, आणि आजूबाजूच्या फेअरफील्ड भागात इराकचे असीरियन ख्रिस्ती असे कित्येक आहेत. 'व्हिएतनामी उपनगर' हे नाव बाहेरच्यांनी सोयीसाठी दिलेले. आत गेल्यावर कळते की, ह्या 'व्हिएतनामी' लोकांतच चिनी बोलणारे, कॅथलिक, बौद्ध, उत्तरेकडून १९५४ साली दक्षिणेत पळालेले असे थर आहेत आणि ते एकमेकांशी भांडतातही. भांडण नसलेली वस्ती मी तरी पाहिलेली नाही.

१९८४ साली जेफ्री ब्लेनी ह्या नामवंत इतिहासकाराने, आशियाई लोक फार वेगाने येत आहेत, लोकमत ते सोसणार नाही, असे भाषण केले आणि देशभर वादळ उठले. १९९६ साली पॉलीन हॅन्सन ह्या बाईंनी संसदेत त्याच्या पुष्कळ पुढे जाऊन बोलून घेतले. ह्या वादांवर मी वेळ घालवीत नाही. कारण वाद चालू असताना कॅब्रामॅटात जे चालले होते, ते ह्या दोघांच्याही नजरेस पडलेले नव्हते. तिकडे वळू.

पहिली काही वर्षे माणसांना कारखान्यांत काम मिळाले. मोटारी, रंग, यंत्रांचे भाग आणि मुख्यतः कपडे. शिवणकामाचे कारखाने जकातीच्या भिंतीआड उभे होते. ती भिंत १९७३ पासून आणि विशेषतः १९८८ नंतर पायरीपायरीने उतरवण्यात आली. चीन, फिजी येथील स्वस्त कपडा येऊ लागला. कारखाने बंद पडले. काम मात्र संपले नाही. ते घरात गेले. मोठ्या दुकानाने फॅशनच्या कंपनीला मागणी द्यायची, कंपनीने कापड कापणाऱ्या ठेकेदाराला, त्याने दुसऱ्या दलालाला, आणि दलालाने मोटारीतून कापलेल्या कापडाचे गठ्ठे कॅब्रामॅटाच्या वा बँक्सटाउनच्या एखाद्या घराच्या मागच्या दारी टाकायचे. आत एक बाई, एक शिवणयंत्र, एक कडा शिवण्याचे यंत्र. यंत्रे तिने स्वतः हप्त्यांनी घेतलेली. वीज तिची, दोरा पुष्कळदा तिचा. मजुरी नगावर. रविवारी गठ्ठा आला तर सोमवारी सकाळी माल तयार पाहिजे. मुले शाळेतून आली की दोरे कापायला बसणार.

आता त्या कापडाच्या दुकानांचा उलगडा झाला ना?

कापड-कपडा कामगारांच्या संघटनेने १९९० नंतरच्या वर्षांत ह्या बायकांसाठी त्यांच्याच भाषांतून दूरध्वनीची सोय केली, रेडिओवरून बोलावणे केले, आणि १९९५ साली एक अहवाल छापला. ताशी दोन-तीन डॉलर मजुरीवर काम करणाऱ्या बायकांच्या हकिगती त्यात आहेत. कायद्याने मिळावयाच्या मजुरीचा तो लहानसा अंश होता. देशात अशा तीन लाखांहून अधिक बायका आहेत असा संघटनेचा अंदाज होता. तो फुगवलेला आहे असे म्हणणारेही होते. आकडा कितीही कापला तरी बाईच्या ताशी मजुरीत त्याने फरक पडत नाही.

ह्या ठिकाणी मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गिरणी बंद पडल्यावर मी सोलापुरात विडी कामगारांत काम करू लागलो. तेथे तंबाखू-पाने कारखान्यातून आणून घरी विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी. बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या, तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या घरांतल्या. मी गिरणीच्या फाटकाचा माणूस. एका सभेत मी तावातावाने म्हणालो, घरी बसून मिळेल त्या दराने काम करणारे लोक संघटित कामगाराच्या पोटावर पाय देतात. पुढे बसलेली एक म्हातारी उठली आणि तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, 'दादा, तू गेटावर भाषण करतो. आमचं गेट चुलीपाशी आहे. तिथं कधी आला का?' सभा हसली. मी हसलो नाही. विडी-सिगार कामगारांच्या १९६६ सालच्या कायद्याने घरी काम करणारी बाईही कामगारच ठरते, हे तोपर्यंत मी नीट वाचलेलेसुद्धा नव्हते.

सिडनीच्या संघटनेलाही हीच वाट तुडवावी लागली. आधी तिचे धोरण घरचे काम बंदच करा असे होते, जणू बाईने यंत्र विकले की कारखाना पुन्हा उघडणार होता. १९८७ साली लवादाच्या निवाड्यात घरी शिवणाऱ्यांना पुरेसे संरक्षण मिळाले, कागदावर. प्रत्यक्षात बाई तक्रार करायला येईना. येईना, ह्याची कारणे ऐकण्यासारखी आहेत. काम बंद होईल ही भीती तर सगळीकडचीच. मिळणाऱ्या नगद मजुरीचा करखात्याला पत्ता लागेल ही दुसरी. परंतु तिसरे कारण मला नवीन होते. जॉन स्ट्रीटवरच्या एका दुकानदार बाईने मोडक्या इंग्रजीत मला ते सांगितले आणि माझे इंग्रजीही तितकेच मोडके असल्याने आमचे चांगले जमले. ती म्हणाली, 'आमच्याकडे युनियन म्हणजे सरकार. युनियनचा माणूस दारात आला की घरात कोणीतरी कमी होणार.' ज्या राजवटीतून ती पळाली तेथे कामगार संघटना ही राज्यकर्त्या पक्षाचीच एक शाखा होती. तेव्हा आमच्या बिल्ल्याकडे पाहून तिने दार लावून घेतले तर दोष कोणाला द्यावा?

दार उघडले ते दुसऱ्या रीतीने. संघटनेने व्हिएतनामी व चिनी बोलणाऱ्या बायकाच कार्यकर्त्या म्हणून घेतल्या. चर्च आणि वस्तीतल्या मंडळांना बरोबर घेऊन १९९६ साली 'फेअरवेअर' ही मोहीम काढली. इंग्रजीचे वर्ग चालवले. दुकानांच्या दारात जाऊन, हा सदरा कोणी शिवला, असे ग्राहकांनी विचारायचे. सिनेटच्या समितीने त्याच वर्षी चौकशी-अहवाल दिला. २००१ साली न्यू साउथ वेल्स राज्यात कायदा झाला की, दलालाने मजुरी बुडवली तर बाईला साखळीतील वरच्या मालकाकडे ती मागता येईल; २०१२ साली ते तत्त्व देशाच्या कायद्यात आले. कायद्यातली ही युक्ती मला फार मोलाची वाटते. दलाल मोटार घेऊन पळून जाऊ शकतो. दुकान पळू शकत नाही. ह्या लढ्याने घरचे शिवणकाम संपले असे मात्र नाही. ते पुष्कळसे परदेशी गेले. राहिले ते राहिले, आणि राहिलेल्यातही तक्रार न करणाऱ्या आहेतच.

नव्वदच्या दशकातील कॅब्रामॅटाची जी कीर्ती साऱ्या ऑस्ट्रेलियात झाली ती ह्या बायकांमुळे नव्हे, तर हेरॉइनमुळे. आगगाडीने लांबून व्यसनी लोक येत, स्टेशनाबाहेर उघड विक्री चाले. आईबाप दिवसरात्र यंत्रावर, कित्येक पोरे एकटीच समुद्रावरून आलेली, कारखाने बंद. टोळ्या कशा जमतात हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. ५ सप्टेंबर १९९४ रोजी तेथील मजूर पक्षाचे आमदार जॉन न्यूमन ह्यांचा त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून खून झाला. हे गृहस्थ मूळचे कारकुनांच्या संघटनेचे अधिकारी आणि टोळ्यांचे विरोधक. २००१ साली स्थानिक व्हिएतनामी राजकारणी फुआँग न्गो ह्यांना हा खून करविल्याबद्दल जन्मठेप झाली. त्याच वर्षी विधिमंडळाच्या समितीने पोलिसांच्या कारभाराची चौकशी केली. ती व्हावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत वस्तीतील दुकानदार आणि नगरसेवक पुढे होते. पोलीस आमचे ऐकत नाहीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे तो बाजार ओसरला. पण वीस-पंचवीस वर्षांनंतरही मी तेथे रोज जातो हे ऐकून माझ्या मुलीच्या शेजाऱ्याने मला खिसा सांभाळायला सांगितले! त्या तीन महिन्यांत माझे काही गेले नाही. छत्री एकदा विसरली, ती दुकानदाराने ठेवून दिली होती.

आता शेवटचे प्रकरण. कॅब्रामॅटा ज्या संसदीय मतदारसंघात येते त्याचे नाव फाउलर. तो १९८४ साली निर्माण झाला तेव्हापासून मजूर पक्षाचा. इतका हक्काचा की, तेथे प्रचारही फारसा करावा लागत नसे. २०२१ साली करोनाच्या साथीत फेअरफील्ड भागावर शहराच्या इतर भागांपेक्षा कडक निर्बंध आले. समुद्राकाठच्या श्रीमंत उपनगरांत लोक किनाऱ्यावर फिरत होते आणि इकडे संचारबंदी. पोलिसांच्या मदतीला सैनिक दारोदार. ज्यांनी सैनिकांना भिऊन देश सोडला त्यांच्या दारात पुन्हा सैनिक. घरून करता येणार नाहीत अशी कामे करणारी माणसे ह्याच भागात जास्त. तीच रोज बाहेर पडत होती आणि तीच दोषी ठरत होती.

त्यानंतर २०२२ ची निवडणूक आली. जुने खासदार निवृत्त होत होते. तू ले नावाची तरुण वकील, निर्वासित आईबापांची मुलगी, परदेशी कामगारांच्या बुडालेल्या मजुरीसाठी काम करणारी, तिला उमेदवारी मिळावी असे त्यांनीच सुचवले होते. पक्षाने तिला बाजूला सारून क्रिस्टिना केनिली ह्या वजनदार नेत्यांना आणले. त्यांचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेकडच्या एका बेटावर. समोर अपक्ष उभ्या राहिल्या दाय ले; लहानपणी आईबरोबर होडीतून निघालेल्या, छावण्यांत वाढून १९७९ साली ऑस्ट्रेलियात आलेल्या. त्या एकेकाळी मजूर पक्षाच्या विरोधी पक्षात होत्या; कामगार प्रश्नांवर त्यांची मते माझी नव्हेत. परंतु लोकांनी त्यांना निवडून दिले. २०२५ साली पक्षाला उपरती झाली आणि तू ले ह्यांना उभे करण्यात आले. तोवर उशीर झालेला होता. थोड्या मतांनी का होईना, दाय ले पुन्हा निवडून आल्या.

मी परत निघण्याच्या आदल्या दिवशी त्या दुकानदार बाईकडे गेलो. घरच्यांसाठी काही कापड घ्यावे, हा बहाणा. तिने अडीच मीटर मोजून फाडले, घडी घातली आणि विचारले, 'तुमच्याकडे शिवणार कोण?' मी म्हटले, आमच्या गल्लीत एक बाई घरी शिवते. ती म्हणाली, 'किती देता तिला?' मला आकडा सांगता आला नाही. शिवणाचे पैसे नेहमी आमच्या घरातून दिले जातात, मी कधी विचारलेले नाही.